तळ्याचा हजेरीपट

चीनच्या ईशान्येकडच्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात कमळाचं बी सापडलं होतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ते रुजवलं, त्याला कोंब आला, आणि वय काढलं तर ते सुमारे 1300 वर्षांचं निघालं. 1995 साली हे प्रसिद्ध झालं. तेराशे वर्षं गाळात पडून ज्याच्या केसाला धक्का लागला नाही, त्या जातीची कळी राजूरला आमच्या परसात चहाचं आधण ठेवल्यापासून चहा गाळेपर्यंत टिकत नाही.

परसातलं तळं नानांचं. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी उभी हयात आश्रमशाळांमधून गणित शिकवलं. निवृत्तीनंतर कोणी देवधर्माकडे वळतं, कोणी राजकारणाकडे, कोणी नुसतंच रक्तदाबाकडे. नाना कमळाकडे वळले. आई मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीपुढे ठेवायला एक कमळ विकत आणते आणि त्या आठवड्यात फुलवाला म्हणेल तो भाव असतो. हा व्यवहार नानांना कधीच पटला नव्हता. म्हणून त्यांनी आठ फूट बाय सहा फूट खड्डा खणून घेतला, भाच्याच्या शेततळ्यातून उरलेला 500 मायक्रॉनचा कागद त्यात अंथरला, टबांमध्ये काळी माती आणि कुजलेलं शेण भरलं, कमळाचे गड्डे लावले आणि पाणी सोडलं. कमळ उन्हाळ्या-पावसाळ्यात फुलतं, थंडीत झोपतं आणि मार्गशीर्ष थंडीत येतो, हा तपशील तळं भरल्यावर उघडकीला आला. आई काही बोलली नाही. मार्गशीर्ष लागल्यावर ती पिशवी घेऊन बाजारात गेली.

आमचं घर गावाच्या अगदी कडेला, डोंगराच्या अंगाला आहे. राजूर ही अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्याची बाजारपेठ. इथे आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आठवडे बाजार आहे, नावाजलेले पेढे आहेत आणि डिसेंबरात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. इथून पुढे रस्ता भंडारदऱ्याकडे चढतो आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सुरू होतं. ते 1986 साली जाहीर झालं, म्हणजे तिथल्या रहिवाशांना सरकारी मान्यता मिळाली. रहिवासी त्याआधीही तिथेच होते आणि त्याआधीही खाली उतरत होते. फक्त तेव्हा त्यांच्या वाटेत कमळाचं तळं नव्हतं.

पावसाळ्यात या सगळ्या मंडळींना नानांच्या तळ्याची काही पडलेली नसते. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो की वर्तमानपत्रं तिला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. प्रत्येक खडकातून ओहोळ, प्रत्येक पायवाटेचा ओढा. पण हा सगळा काळा कातळ. पाणी वरून येतं आणि वरच्यावर निघून जातं. मार्च सरला की त्याच वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन लांबच्या झऱ्याकडे चालायला लागतात. 1926 पासून भंडारदऱ्याचं धरण उशाशी आहे, 11 टीएमसीचं. पण धरणाचं पाणी प्रवरेतून खाली जायला असतं, डोंगरावर चढायला नसतं. त्यामुळे एप्रिलात डोंगरावरच्या कुठल्याही समजूतदार प्राण्याने खाली पाहिलं, तर त्याला झिलई असलेला एक निळा तुकडा दिसतो. त्यात वर हिरवी पानं, मध्ये गुलाबी कळ्या आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेले एक गणिताचे निवृत्त शिक्षक.

हजेरीपट सुरू झाला तो मात्र डोंगरामुळे नाही, डासांमुळे. आशाताई घरोघर फिरताना परसात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, साचलेलं पाणी? डेंग्यूला बोलावताय का?" कमळ म्हणजे काही टायरमधलं पाणी नव्हे, असं नाना समजावू लागले, पण डासांच्या मादीला हा फरक कळत नाही, हे ताईंचं म्हणणं बिनतोड होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका बाटलीतून गप्पी मासे आणून दिले. गप्पी डासांच्या अळ्या खातात. आणि गप्पींना जे खातात ते आठवड्याच्या आत हजर झाले.

पहिला आला तो ढोकरी. हा मळकट तपकिरी बगळा काठावर मान आखडून असा बसतो की तिथे कोणी नाहीच असं वाटावं. उडाला की पंख पांढरेशुभ्र. नाना म्हणाले, "बसला असताना गरीब, उठताना श्रीमंत. असे दोन मुख्याध्यापक मी पाहिले आहेत." ढोकरी मासे खातो, त्याची तक्रार नव्हती. पण मासे शोधताना तो टबात उतरतो, कोवळ्या कोंबावर पाय देतो आणि कमळाचा वाढता कोंब एकदा मोडला की त्या गड्ड्याचा तो हंगाम संपला. नानांनी माळ्यावरून शाळेतला जुना कोरा हजेरीपट काढला, आडव्या रेघेत तारखा लिहिल्या आणि उभ्या रकान्यात पहिलं नाव घातलं: ढोकरी. हजेरी क्रमांक एक.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर तळं दाखवलं, तर म्हणाला, "नाना, इकडे तळ्याकाठी प्लास्टिकचा बगळा उभा करतात. खऱ्याला वाटतं जागा गेली." इंग्लंडात अशा बगळ्यांचा मोठा धंदा आहे आणि ते चालतात की नाही यावर तिथल्या बागवाल्यांत मतभेदही तेवढेच आहेत. नानांना प्लास्टिक मंजूर नव्हतं. नाशिकला जाताना रस्त्याच्या कडेला सिमेंटचे हत्ती, हंस आणि शिवाजी महाराज विकायला मांडलेले असतात, तिथून त्यांनी सिमेंटचा एक बगळा आणला. तो आकाराने ढोकरीच्या तिप्पट होता आणि रंगाने इतका पांढरा की रात्रीसुद्धा झोप मोडावी. ढोकरीने त्याला दोन प्रहर लांबून न्याहाळलं आणि मग त्याच्या सावलीत येऊन उभा राहिला. एप्रिलातलं ऊन, काय चुकलं त्याचं? शिवाय खंड्याला तोवर तळ्यात सूर मारायला चांगली उंच जागा मिळत नव्हती. ती सिमेंटच्या बगळ्याच्या डोक्यावर मिळाली. आता तो पांढरा बगळा निळसर-पांढऱ्या रेघोट्यांनी रंगलेला आहे आणि हजेरीपटात दुसरं नाव आहे: खंड्या.

मग जाळी आली. नायलॉनची, द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकतात ती. तळ्यावर ताणून बसवल्यावर नानांनी दोन दिवस समाधानाने वर्तमानपत्र वाचलं. तिसऱ्या दिवशी जाळीत दिवड अडकलेली सापडली. दिवड म्हणजे पाण्यातला साप, बिनविषारी पण स्वभावाने तापट. सापाचे खवले मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे जाळीत शिरल्यावर तिला मागे निघता येईना, तशी ती प्रत्येक धडपडीत आणखी गुंतत गेली. गावातला सर्पमित्र आला. त्याने नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापला, दिवडीने त्याबद्दल त्याच्या अंगठ्याला चावा घेतला, आणि तो तिला ओढ्याकडे सोडायला नेताना नानांना म्हणाला, "सर, ढिली जाळी जमिनीला टेकवू नका. मासे वाचतात आणि साप मरतात." पुढे नानांनी जाळी काढून टाकली. दिवड मात्र दोन दिवसांत परत आली. बहुधा ती आधीपासूनच इथली होती आणि बेडकांचं वर्गीकरण पूर्ण करत होती. हजेरी क्रमांक तीन.

(बेडकांना नानांनी पटावर घेतलं नाही. त्यांची हजेरी कानांनी होते, म्हणाले. जूनच्या पहिल्या रात्री ते सगळे एकदम 'हजर' म्हणतात आणि पहाटेपर्यंत म्हणत राहतात.)

याच सुमारास शेजारच्या काकूंनी तळ्यालाच हरकत घेतली. साप येतात, डास येतात, रात्री डबडब आवाज येतो आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. शेवटचं खोटं होतं, पण ही हरकत नानांना आवडली, कारण मी त्यांना सांगितलं की जगातल्या सर्वांत प्रसिद्ध तळ्यालाही शेजाऱ्यांनी हीच हरकत घेतली होती. फ्रान्समध्ये जिव्हर्नी गावी 1893 मध्ये क्लोद मोने या चित्रकाराने तळं करायला आणि ओढ्याचं पाणी वळवायला परवानगी मागितली. गावकरी म्हणाले, हा विलायती झाडं लावेल आणि आमचं पाणी नासवेल. परवानगी मिळाली. पुढे त्या तळ्यातल्या पाणकमळांची त्याने सुमारे 250 चित्रं काढली आणि पानांवरची धूळ पुसायला सकाळी होडीतून एक माळी फिरायचा. नाना म्हणाले, "आपल्याकडे होडी बसणार नाही. पण त्या मोनेला वानरं होती का?" नव्हती. "मग त्याचं मोठं काही नाही."

वानरांची टोळी डोंगरावरून उतरते ती साधारण सकाळच्या चहाच्या वेळी. पुढे एक ढेरपोट्या हुप्प्या, मागे माद्या, त्यांच्या पोटाला लोंबकळणारी पोरं. वानर पाला खातं, फळं खातं, कळी फार आवडीनं खातं. कमळाची कळी ते देठातून मोडून घेतं, पाकळ्या एकेक सोलून टाकतं, मधला गाभा खातं, आणि उरलेल्या पाकळ्या आमच्या कौलांवर सोडून जातं. आई ते पाहून हात जोडते. "देवाचं फूल होतं, देवाच्या माणसानं नेलं." नाना म्हणतात, "मारुतीला रुईचं पान आणि शेंदूर लागतो, कमळ नाही. हा सरळसरळ अर्जाबाहेरचा लाभ आहे."

बुजगावणं उभं केलं. वानराच्या पोरांनी त्याच्या डोक्यावरची टोपी नेली. डांगी प्रदर्शनातून आणलेल्या घुंगरांची दोरी तळ्यावर ताणली, म्हणजे कोणी आलं की वाजेल. वाजली, दिवसभर वाजली, कारण तिला झोके घेता येतात हे वानराच्या पोरांना पहिल्याच दिवशी समजलं. डाळिंबाच्या फळांना घालतात तसल्या कापडी पिशव्या कळ्यांना बांधल्या. एका पोराने ती पिशवी डोक्यात घातली आणि आईला दाखवायला गेलं. गोफण नाही, बेचकी नाही, पाइपची ती फटाक्याची बंदूकही नाही, हा नानांचा नियम. "वर्गात मारायचं बंद होऊन किती वर्षं झाली," म्हणाले.

मग आला भोंगा.

वावरात पाखरं आणि डुकरं हाकलायला बॅटरीवर चालणारे भोंगे मिळतात. त्यात आवाज भरून ठेवता येतो. दुकानदाराने त्यात कुत्र्यांचं भुंकणं भरून दिलं होतं. नाना म्हणाले, "वानरांनी कुत्री पाहिली आहेत. त्यांना शिक्षक ऐकू द्या." आणि त्यांनी स्वतःच्या आवाजात भरलं. आधी तीन वेळा "हाऽऽड", मग एक टाळी, मग सवयीने बाहेर पडलेलं "मागच्या बाकावर कोण बोलतंय?", आणि पुन्हा "हाऽऽड". हे दर पंधरा मिनिटांनी. पहिले दोन दिवस टोळी आंब्यावर थांबून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी हुप्प्या भोंग्यावर बसला. रात्री भोंगा बंद करायचा राहून गेला, त्या रात्री शेजारच्या काकूंचे जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला मुक्कामाला होते. पहाटे तीनला त्यांना मागच्या बाकावर कोण बोलतंय ते विचारण्यात आलं. ते सकाळी न जेवता संगमनेरला निघून गेले. काकू त्यानंतर आमच्या आईशी सणापुरत्या बोलतात. भोंगा माळ्यावर गेला, पण नानांची नजर अधूनमधून माळ्याकडे जाते.

पावसाळ्यातले विद्यार्थी वेगळे. कुवाकोंबडी येते, पांढऱ्या छातीची. ती पानांवरून चालते आणि भर पावसात रात्रभर "कुवाक कुवाक" करत पाढे म्हणते. खेकडे येतात, पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढून थेट टबात, आणि कमळाचे देठ पाण्याखालून कातरतात. सकाळी पान तरंगत असतं आणि त्याला मुळाशी जोडणारं काही नसतं. खेकड्यांच्या बाबतीत मात्र आमच्या घराला कुठल्याही तज्ज्ञाची गरज पडली नाही. इकडे पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन खेकडे धरायला निघणं हा संस्कार आहे. आईने टोपलं उचललं आणि रात्री रस्सा केला. या एका प्रकरणात उपाय आणि भरपाई एकाच ताटात मिळाली. नानांनी पटावर खेकड्यांपुढे 'शाळा सोडल्याचा दाखला दिला' असं लिहिलं.

शेजाऱ्यांची डांगी गायही एकदा आत शिरली आणि तिने पानं ओरबाडली. ती वन्यप्राण्यांत धरायची का, यावर थोडी चर्चा झाली. डांगीच्या कातडीतून तेलकट पदार्थ पाझरतो, म्हणून आमच्या पावसातही ती भिजून आजारी पडत नाही. कमळाच्या पानावरही सूक्ष्म मेणाचे उंचवटे असतात, म्हणून पाणी थेंब होऊन घरंगळतं. गाईचा मालक म्हणाला, "गुरुजी, दोघांच्याही अंगाला पाणी लागत न्हाई. जमलं असंल त्यांचं."

खरं संकट रात्रीचं होतं. एके सकाळी टब उपडा पडलेला, चिखल काठावर पसरलेला आणि गड्डे अर्धे चावलेले. कमळाचा गड्डा पिठूळ आणि गोडसर असतो, माणसंही तो भाजी करून खातात, मग डुकराने का सोडावा? चिखलात लोळल्याच्या खुणा होत्या, म्हणजे रानडुक्कर. दुसऱ्या दिवशी मातीत एक काळा-पांढरा काटा सापडला, म्हणजे साळिंदरही. नानांनी दोघांना एकदमच प्रवेश दिला.

रानडुकरांवर महाराष्ट्रभर एक उपाय चालतो, तो म्हणजे जुन्या साड्यांचं कुंपण. रंगीत कापड वाऱ्यावर हलतं आणि डुक्कर बिचकतं. आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या साड्या बाहेर निघाल्या. शेजारणी येता-जाता ओळखायच्या, "ही तुझ्या डोहाळजेवणाची ना?" बायको त्या साडीकडे पाहून दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. सलूनवाल्याकडून केस आणून काठाने पसरले, कारण माणसाच्या केसांच्या वासाने डुक्कर येत नाही म्हणतात. वारा सुटला आणि केस तळ्यात गेले. कोणीतरी कीटकनाशकाच्या दाण्यांची पुरचुंडी बांधायला सांगितलं, उग्र वासाने सगळे पळतात. नानांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. खाली पाणी, पाण्यात मासे, आणि ते पाणी प्यायला येणारी तहानलेली जनावरं, यांच्यामध्ये विष टांगणाऱ्या माणसाला ते चहासुद्धा देत नाहीत.

मग एका रात्रीपासून डुकरं यायची थांबली. आपोआप. साड्यांनी काम केलं, असं बायको अभिमानाने म्हणाली. सकाळी नाना चिखलाकडे बोट दाखवून म्हणाले, "साड्यांनी नाही." गोल ठसा होता, चार बोटांचा, नखांशिवाय.

अकोले तालुक्यात बिबट्या ही बातमी नाही, शेजार आहे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतात, उसात, वस्त्यांजवळ कॅमेरे लावले, तेव्हा चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं राहतात अशा भागात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस निघाले. हे 2013 साली प्रसिद्ध झालं. बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहारही तपासला गेला, त्यात वजनाच्या हिशोबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. शेळ्या 11 टक्के. हे आकडे कळल्यावर नानांनी सगळ्यांत आधी गल्लीतल्या कुत्र्याला रात्री पडवीत घ्यायला सांगितलं. दुसरं काम त्यांनी केलं ते पट उघडण्याचं.

बिबट्याचं नाव लिहावं की नाही, यावर घरात वाद झाला. तो कमळाला हात लावत नाही. पाणी पितो, जातो. वर डुकरं लांब ठेवतो, वानरंही त्या आठवड्यात झाडावरून उतरली नाहीत. शेवटी नाना म्हणाले, "नियमित विद्यार्थी नाही तो. सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे, बाहेरून बसतो." पटाच्या शेवटी एक रेघ मारून खाली तसं नोंदवलंही. आई म्हणाली, "बसू दे बाहेरून. आत बसवू नका म्हणजे झालं." मला पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला 2009 साली विहिरीत पडलेला आजोबा नावाचा बिबट्या आठवला. त्याला पट्टा लावून माळशेजला सोडलं आणि तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, पुढे त्याच्यावर सिनेमाही निघाला. नानांना त्याबद्दल एकच प्रश्न होता, वाटेत त्याला कोणाकोणाची तळी लागली असतील.

या सगळ्यातून कमळं वाचली ती ज्या गोष्टींनी, त्या दिसायला अगदीच साध्या आहेत आणि त्यातली एकही हलत, वाजत किंवा चमकत नाही. टबावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाड, चार बोटांच्या भोकांची जाळी पाण्याखाली वाकवून पक्की बांधली. कमळाचं पान गुंडाळीच्या रूपात वर येतं, त्यामुळे ते भोकातून सहज निघतं आणि वर जाऊन उलगडतं. मुस्कट आणि पंजा मात्र आत जात नाही. मातीवर प्रवरेतले गोटे पसरले, म्हणजे ढोकरीने पाय दिला तरी कोंब चिखलात दबत नाही. काठाचा उतार काढून कडा उभी केली आणि पाणी खोल केलं, कारण ढोकरीला पाय टेकवून उभं राहायला उथळ पाणी लागतं. पण आत पडलेल्याला बाहेर निघता यावं म्हणून एका कोपऱ्यात काथ्याच्या दोरीची शिडी सोडली. भाच्याच्या शेततळ्यावर तशी असते, तिथे कागद निसरडा असतो आणि त्यात पडलेलं जनावर दमून बुडतं. कागदावर नखं लागू नयेत म्हणून काठावर फरशीचे तुकडे बसवले. काही टबांत कमळाऐवजी कुमुदिनी लावली. ती चावली तरी लवकर फुटते, रागवत नाही. आणि कुंपणाबाहेर, डोंगराच्या बाजूला, सिमेंटची एक उथळ कुंडी ठेवली. ती उन्हाळाभर रोज संध्याकाळी भरली जाते. तहानेने येणारे निम्मे तिथूनच परत जातात. हुप्प्या मात्र परत जात नाही. कळ्यांवर त्याचा हक्क कायम आहे. नाना त्याला आता तिसरा हिस्सा धरतात, जुन्या काळच्या खंडासारखा.

वनरक्षक आला तो ठसे पाहायला. तरुण मुलगा, मोटारसायकलवरून, हातात मोजपट्टी. त्याने ठसे मोजले, फोटो काढले, रात्री दिवा ठेवा, उष्टं-खरकटं बाहेर टाकू नका, लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका, असं सगळं नीट सांगितलं. आईने चहा आणि पेढे आणले. संधी साधून नानांनी विषय काढला.

"वानर आणि रानडुकरांनी पिकाचं नुकसान केलं तर भरपाई मिळते ना?"

"मिळते की. अर्ज करायचा, पंचनामा होतो."

"मग आमचा करा."

त्याने तळ्याकडे पाहिलं. "पिकाचं नाव?"

"कमळ."

"कमळ..." त्याने पेढा खाली ठेवला. "कमळ फळात बसतं का भाजीत, गुरुजी?"

"गड्डा खाल्ला तर भाजीत, कळी खाल्ली तर फुलात. डुकराचं आणि वानराचं वेगवेगळं लिहा."

"आणि क्षेत्र? हेक्टरमध्ये सांगा."

या क्षणासाठी नानांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. आठ सक अठ्ठेचाळीस चौरस फूट, त्याचे चौरस मीटर, त्याला दहा हजारांनी भागून. कागद न घेता, डोळे मिटून. "शून्य दशांश चिन्ह शून्य शून्य शून्य चार चार सहा."

वनरक्षक बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, दशांशानंतर एवढे शून्य आमच्या रकान्यात मावत न्हाईत."

"रकाने लहान आहेत, त्याला मी काय करू?"

दोघंही हसले आणि अर्जाचा विषय चहाबरोबर संपला. मुलाने मग हजेरीपट पाहिला. पानं उलटत बसला. ढोकरी कुठल्या तारखांना आला, कुवाकोंबडी पहिल्यांदा कधी ओरडली, साळिंदराचा काटा कुठे सापडला. मोबाइलवर त्याने दोन पानांचे फोटो घेतले. उठताना जरा घुटमळला.

"गुरुजी, एक गड्डा आम्हाला द्या की. रोपवाटिकेत हौद मोकळाच आहे, लावतो."

नाना खूश झाले, पण तपासणी केल्याशिवाय त्यांनी आजवर कोणाला काही दिलेलं नाही. "वानरं येतात का तिकडे?"

"तिकडूनच तर तुमच्याकडं येतात."

नानांनी ओल्या गोणपाटात गड्डा गुंडाळला, जाळीचा एक तुकडा कापून दिला आणि कोंब वर ठेवायचा, पाणी आधी चार बोटं, मग हळूहळू वाढवायचं, वगैरे पाठ करून घेतलं. मुलगा मोटारसायकलला किक मारणार, एवढ्यात आई माळ्यावरून उतरून, पदराने धूळ झटकत, हातात काहीतरी घेऊन घाईघाईने बाहेर आली.

"हा भोंगाही घेऊन जा, बाळा. याचा चार्जर पिशवीत आहे."